घरी बनवलेलं सँडब्लास्टिंग कॅबिनेट आणि बाजारातलं सायफन गन-किट: काय ठेवावं, काय बदलावं

दुचाकीचे ब्रॅकेट, फूटरेस्ट, जुन्या स्कूटरचा फोर्क, कार्बोरेटरची बॉडी अशी कामं घरच्या सँडब्लास्टिंग कॅबिनेटमध्ये (हवेच्या जोराने दाणे मारून गंज आणि रंग काढायची बंद पेटी) करणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: मारा बसत नाही. तळहाताएवढा गंज काढायला दहा मिनिटं लागतात, काच पांढरी होते, मीडिया, म्हणजे माऱ्याचे दाणे, मध्येच यायचा थांबतो. मग पहिला संशय कॉम्प्रेसरवर जातो आणि मोठा कॉम्प्रेसर शोधायला सुरुवात होते. आमचं मत स्पष्ट आहे. ३ एचपीच्या कॉम्प्रेसरवर छोट्या भागांचं काम नीट होतं, पण किट जसं येतं तसं लावलं तर होत नाही. ताकद वाया जाते ती शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये.

परीक्षण या जोडणीचं आहे: १६ गेज एमएस (साध्या पोलादाच्या) पत्र्याचं ९०० × ६०० × ६०० मिमीचं कॅबिनेट, खाली हॉपर (मीडिया साठणारा निमुळता तळ), १६० लिटर टाकीचा ३ एचपी कॉम्प्रेसर, घरगुती व्हॅक्यूम क्लीनर आणि अ‍ॅल्युमिनियमचं सायफन गन-किट. हे किट ऑनलाइन मिळतं, मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या हार्डवेअर बाजारातही मिळतं. डबा आणि नाव बदलतं, माल जवळपास तोच असतो: एक गन, ४, ५, ६ आणि ७ मिमीच्या चार सिरॅमिक नोझल, मीटर-दीड मीटर सक्शन पाईप आणि टोकाला मीडियात खुपसायची नळी.

आधी हवेचा हिशेब, कारण किटची खरी उणीव तिथेच आहे. सायफन गन हवेच्या खेचीने मीडिया ओढून घेते. तिच्यात दोन भोकं असतात. आतला जेट हवा सोडतो, बाहेरच्या नोझलमधून हवा आणि मीडिया एकत्र बाहेर पडतात. हवा किती जाणार हे जेट ठरवतो, नोझल नाही. ८० पीएसआय प्रेशरला (पीएसआय म्हणजे पौंड प्रति चौरस इंच) २ मिमीचा जेट साधारण ८ सीएफएम (घनफूट प्रति मिनिट) हवा खातो, २.५ मिमीचा १२, ३ मिमीचा १७-१८ आणि ४ मिमीचा तब्बल ३०. भोक दुप्पट केलं की हवा चौपट जाते. किटच्या डब्यावर नोझलचे चार आकार छापलेले असतात, जेटचा आकार मात्र कुठेच नसतो. ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू घालून तो स्वतः मोजावा लागतो. मोठ्या कॉम्प्रेसरसाठी बनवलेला जेट ३ एचपीवर लावला की पुढचं सगळं बिघडतं.

तुमचा कॉम्प्रेसर खरोखर किती हवा देतो हे प्लेटवरच्या आकड्यावरून कळत नाही. तिथे बहुतेक वेळा पिस्टन डिस्प्लेसमेंट (पिस्टनच्या हालचालीवरून काढलेलं हवेचं माप) लिहिलेलं असतं, प्रत्यक्ष मिळणारी हवा त्याहून कमी असते. मोजायला फक्त मोबाइलचं स्टॉपवॉच लागतं. टाकीचा आउटलेट बंद ठेवा आणि प्रेशर ८० वरून १०० पीएसआयला जायला किती सेकंद लागतात ते पाहा. प्रेशरमधला फरक २० आहे, त्याला १४.७ ने (वातावरणाचा दाब) भागा, टाकीच्या लिटरने गुणा, ६० ने गुणा आणि सेकंदांनी भागा. उत्तर लिटर प्रति मिनिट येतं. त्याला २८.३ ने भागलं की सीएफएम. १६० लिटरच्या टाकीला ४८ सेकंद लागले तर उत्तर साधारण २७२ लिटर, म्हणजे ९.६ सीएफएम. ३ एचपीच्या चांगल्या स्थितीतल्या कॉम्प्रेसरकडून एवढीच अपेक्षा ठेवावी.

आता हाच आकडा जेटशी जुळवून पाहा. टाकी १२० वरून ८० पीएसआयपर्यंत उतरताना साठ्यातून साधारण १५ घनफूट हवा मिळते. २.५ मिमीच्या जेटला १२ सीएफएम लागतात, कॉम्प्रेसर साडेनऊ देतो. तूट अडीच, म्हणजे सहा मिनिटं सलग मारा मिळतो. एक ब्रॅकेट होतो, तो उलटा करून दुसरा हातात घेईपर्यंत टाकी पुन्हा भरते. त्याच कॉम्प्रेसरवर ४ मिमीचा जेट लावला की तूट २० च्या पुढे जाते आणि टाकी पाऊण मिनिटात ८० च्या खाली येते. ‘पहिला झटका जोरात बसतो, मग फुसका होतो’ असं लोक सांगतात, त्याचं कारण हे.

म्हणून ३ एचपीला २.५ मिमी जेट आणि ५ मिमी नोझल ही जोडी घ्या. नोझलचा व्यास जेटच्या साधारण दुप्पट असावा. त्याहून लहान नोझल लावली तर हवा तुंबून सक्शन पाईपमधून उलटी हॉपरमध्ये जाते, मीडिया बुडबुडताना दिसतो. फार मोठी लावली तर खेच कमी होते आणि फवारा पसरट, दुबळा येतो. जेट मोठा निघाला तर टर्नरकडून पितळेच्या किंवा स्टीलच्या बारमधून नवा करून घ्या. भोक २.५ मिमी, आतली बाजू निमुळती, टोक काटकोनात सरळ कापलेलं आणि बर (कापल्यावर उरणारी खरखरीत कड) नसलेलं. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि सगळ्या जोडणीत सर्वांत जास्त फरक यानेच पडतो.

गन घेतानाच एक गोष्ट पाहून घ्या: जेट आट्यांवर आत-बाहेर होतो का? ज्या गनमध्ये तो ठोकून बसवलेला असतो ती आम्ही सुचवणार नाही. जेटचं टोक मीडिया आत येतो त्या भोकाच्या थोडं पुढे असावं लागतं. नेमकी जागा गनगणिक बदलते. ती शोधायला एक किलो मीडिया डब्यात घ्या, सक्शन पाईप त्यात ठेवा, कॅबिनेट बंद करून ८० पीएसआयला गन चालवा आणि डबा किती सेकंदांत रिकामा होतो ते लिहा. मग जेट एक आटा फिरवून पुन्हा. चार-पाच फेऱ्यांत सर्वांत कमी वेळाची जागा सापडते. तिथे लॉकनट आवळा आणि वेळ गनवरच मार्करने लिहून ठेवा. पुढे कधी मारा कमी वाटला तर हीच चाचणी पुन्हा करायची. वेळ तोच निघाला तर दोष हवेत आहे, वाढला तर गनमध्ये किंवा पाईपमध्ये.

पाईपबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण इथे जवळजवळ प्रत्येकजण चुकतो. निळा-काळा ८ मिमीचा पीयू (पॉलियुरेथेन) पाईप स्वस्त, हलका आणि सगळीकडे मिळणारा. पण ८ मिमी हा बाहेरचा व्यास. आत तो ५ ते ५.५ मिमीच असतो. १२ सीएफएम हवा ५ मिमीच्या भोकातून ३ मीटर नेली तर दीड बारच्या आसपास, म्हणजे २० पीएसआयहून जास्त प्रेशर पाईपमध्येच संपतं. तीच हवा १२ मिमी आतल्या व्यासाच्या रबर होजमधून १० मीटर नेली तर जेमतेम १ पीएसआय जातं. रेग्युलेटरवरचा काटा ट्रिगर सोडलेला असताना ९० दाखवतो आणि माणूस निर्धास्त होतो. काटा ट्रिगर दाबून बघायचा असतो, आणि तोही गनच्या अगदी मागे टी (तीन तोंडांचा जोड) लावून. टाकीकडे ९० आणि गनकडे ६० असा फरक दिसला तर कॉम्प्रेसरचा काही दोष नाही. पाव इंची क्विक कपलरही (पाईप झटकन जोडायचा-काढायचा जोड) असाच गळा आवळतो. कॅबिनेट एका जागी उभं असतं, तिथे कपलरची गरजच नाही. अर्ध्या इंची निपल आणि बॉल व्हॉल्व्ह सरळ आट्यांवर बसवा.

किटच्या ट्रिगरबद्दल आमचं मत वाईट आहे. त्यातली हवेची वाट अरुंद असते, वर मीडियाची धूळ सीलमध्ये शिरून काही दिवसांत तो गळायला लागतो. वीस मिनिटं तो दाबून धरल्यावर बोटंही आखडतात. ट्रिगर कायमचा बांधून ठेवू नका. गन हातातून सुटली तर ती आत मोकाट फिरते. त्याऐवजी अर्ध्या इंची फूट व्हॉल्व्ह घ्या, पाय उचलला की हवा बंद होणारा. किटशिवाय एकच वस्तू घ्यायची असेल तर ही घ्या.

मीडिया मध्येच थांबतो तेव्हा दोष गनचा नसतो, हॉपरचा असतो. घरी बनवलेल्या बहुतेक कॅबिनेटचा तळ ३०-३५ अंशांचा असतो, कारण पत्रा वाचतो आणि उंची कमी लागते. पण दाणेदार मीडियाचा ढीगही साधारण त्याच कोनात स्थिर राहतो. मग नळीभोवती खड्डा पडतो, बाजूचा मीडिया भिंतीला चिकटून बसतो आणि तुम्ही दर मिनिटाला पत्र्यावर थाप मारत राहता. तळ ६० अंशांचा ठेवा. उंची नसेल तर निदान ४५, आणि आतून वेल्डिंगचे सांधे घासून सपाट करा.

किटमधली खुपसायची नळीही बाजूला ठेवा. हॉपरच्या तळाला अर्ध्या इंची टी बसवा: उभ्या तोंडातून मीडिया खाली येईल, आडव्या एका तोंडाला गनकडे जाणारा पाईप, दुसऱ्या तोंडाला ७५-१०० मिमीचा पाईपचा तुकडा किंचित वर चढता, टोकाला भोक पाडलेला प्लग. सायफनला मीडियाबरोबर मोकळी हवाही हवी असते. ती मिळाली नाही की पाईप गच्च भरतो आणि मीडिया घुटक्या-घुटक्याने येतो. प्लगमध्ये ४ मिमीच्या भोकाने सुरुवात करा, मारा धडधडत असेल तर ५, मग ६ करा. फवाऱ्यात मीडिया विरळ दिसू लागला की एक पायरी मागे. गनकडचा सक्शन पाईप पारदर्शक, जाळीचा, १२ ते १५ मिमी आतल्या व्यासाचा आणि हात फिरेल तेवढाच लांब ठेवा. खाली झोळ पडला की तिथे मीडिया साचतो. किटमधला मऊ पाईप खेचीने चपटा होतो, तो वापरू नका.

कोकणात, मुंबईत आणि पावसाळ्यात तर सगळीकडेच पाणी हा मोठा शत्रू. फिल्टर लावूनही मीडियाचे गोळे का होतात, हे आकड्यांतून नीट कळतं. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना साडेनऊ सीएफएमचा कॉम्प्रेसर सलग तासभर चालला तर हवेबरोबर सुमारे ३९० ग्रॅम पाणी आत ओढतो. टाकीतून निघताना हवा ६० अंश असेल तर त्यातलं २६५ ग्रॅम वाफेच्या रूपात असतं. वॉटर सेपरेटर थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. ती सगळी पुढे जाते आणि होजमध्ये किंवा गनमध्ये थंड होऊन मीडियावर बसते. हीच हवा आधी ३० अंशांपर्यंत थंड केली तर वाफ ६० ग्रॅमच उरते, बाकीचं पाणी थेंब होऊन खाली पडतं. म्हणून सेपरेटर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी लावणं म्हणजे पैसे फुकट. तो कॅबिनेटशेजारी लावा आणि त्याआधी अर्ध्या इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) किंवा तांब्याचा १२-१५ मीटर पाईप भिंतीवर वर-खाली फिरवा. प्रत्येक खालच्या वळणावर टी लावून ड्रेन कॉक बसवा. जागा नसेल तर तांब्याचं वेटोळं पाण्याच्या पिंपात बुडवलं तरी काम होतं. पीव्हीसी पाईप मात्र हवेसाठी अजिबात नको. प्रेशरखाली तो फुटला की तुकडे उडतात. टाकीचा खालचा ड्रेन रोज उघडा.

मीडियात आमची पसंती: गंज आणि जुन्या रंगासाठी तपकिरी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, ८० ग्रिट. गार्नेट ८० मेश हाही चांगला पर्याय, धूळ कमी करतो आणि थोडा स्वस्त पडतो. कार्बोरेटर, इंजिन कव्हर अशा अ‍ॅल्युमिनियमच्या भागांवर सफाईदार फिनिश हवी तर ग्लास बीड, ४० ते ५० पीएसआयवर. प्रेशर वाढवलं की बीड फुटून पीठ होतं आणि मारा उलट कमी होतो. स्टील ग्रिट सायफनसाठी जड पडते. या आकाराच्या हॉपरला ८-१० किलो पुरतं, गळ्यापर्यंत भरू नका. वापरलेला मीडिया प्रत्येक वेळी रव्याच्या चाळणीतून काढा. गंजाची एक खपली ५ मिमीच्या नोझलला अडवायला पुरेशी असते. दोन मीडिया एकत्र करू नका.

सिलिका सँड वापरूच नका. सिंधुदुर्गात कासार्डे भागातून फाउंड्रीसाठी येणारी ही वाळू पोत्याने स्वस्त मिळते, म्हणून मोह होतो. पण माऱ्यात तिचा दाणा फुटतो आणि डोळ्यांना न दिसणारी धूळ थेट फुफ्फुसात जाऊन बसते. सिलिकोसिस बरा होत नाही. ब्रिटनमध्ये १९४९ च्या नियमांनी ब्लास्टिंगसाठी अशा वाळूवर बंदी आली, आणि आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत (कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांची यादी) सिलिकोसिसची नोंद होती. घरच्या कॅबिनेटला कोणी निरीक्षक येत नाही, म्हणून ही काळजी आपणच घ्यायची. इतर मीडियाबरोबरही एन९५ मास्क लावा, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं.

आता धूळ. काच पांढरी झाली की माणूस अंदाजाने मारतो, एकाच जागी दुप्पट वेळ घालवतो. दिसत नाही म्हणून काम मंद होतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर पिशवी रिकामी असताना मिनिटाला दीड-दोन घनमीटर हवा ओढतो, म्हणजे या कॅबिनेटमधली हवा मिनिटाला पाच वेळा बदलते. पिशवी भरत गेली की ते झपाट्याने कमी होतं. म्हणून व्हॅक्यूमच्या आधी प्लास्टिकच्या बादलीवर बसणारा सायक्लोन (हवा गोल फिरवून धूळ वेगळी करणारा शंकू) लावा. बहुतेक धूळ बादलीत पडते आणि पिशवी टिकते. व्हॅक्यूमची बाहेर टाकलेली हवा खोलीत नको, पाईपने बाहेर न्या. ओढणारं तोंड मागच्या भिंतीवर वरच्या बाजूला, त्यापुढे ५० मिमी अंतरावर पत्र्याची आडोशाची पट्टी, नाहीतर चांगला मीडियाही धुळीबरोबर जातो. हवा आत यायचं भोक विरुद्ध बाजूला, साधारण ७५ मिमीचं, त्यालाही आडोसा. हे भोक ठेवलं नाही तर ग्लोव्ह्ज फुगून आत ओढले जातात आणि हात हलवणं कठीण होतं. सगळं बसवल्यावर व्हॅक्यूम चालू करून, मारा सुरू असताना दाराच्या फटीशी आणि ग्लोव्ह्जच्या रिंगपाशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर ढकलला जात असेल तर तिथे रबर पट्टी लावा किंवा खेच वाढवा.

काच ५ मिमीची पुरे, पण आतून ओएचपी शीट (पातळ पारदर्शक प्लास्टिक) लावा. ती चारही बाजूंनी टेपने चिकटवायची, खरवडली की दोन मिनिटांत बदलायची. एलईडी ट्यूब काचेच्या वर, तुमच्या डोक्याच्या बाजूला आणि दोन्ही कोपऱ्यांत. मागच्या भिंतीवर लावलेला दिवा धुळीतून थेट डोळ्यांत येतो.

अर्थिंग राहून जातं. कोरडा मीडिया पाईपमधून धावताना स्थिर विद्युत तयार होते आणि ग्लोव्हमधून बोटाला सणसणीत झटका बसतो. गनच्या धातूपासून कॅबिनेटच्या बॉडीला आणि बॉडीपासून अर्थिंगला वायर जोडा. भाग ज्या जाळीवर ठेवता ती रंगवलेली नसावी.

वापराबद्दल थोडं. तेलकट भाग आधी रॉकेलने, मग डिटर्जंटने धुऊन पूर्ण वाळवा. एक तेलकट चेनकव्हर दहा किलो मीडिया खराब करतं. नोझल भागापासून १०-१५ सेमीवर आणि ४५ ते ६० अंशांत तिरकी धरा. काटकोनात मारलं की उडालेले दाणे येणाऱ्या दाण्यांना अडवतात. पातळ पत्रा, टाकी, मडगार्ड यांवर ४० पीएसआयच्या वर जाऊ नका आणि एका जागी थांबू नका, पत्रा वाकडा होतो. बेअरिंगच्या जागा, आटे, ऑइल गॅलरी (तेल वाहायच्या आतल्या वाटा) रबर बुचांनी आणि जाड कापडी टेपने बंद करा. एक दाणाही इंजिनात गेला तर बेअरिंग खाऊन टाकतो.

किटच्या सिरॅमिक नोझल लवकर झिजतात, आणि ही तक्रार नव्हे, तो त्या मालाचा स्वभाव आहे. ५ मिमीच्या नोझलमध्ये ६ मिमीच्या बिटची मागची बाजू सैल जाऊ लागली की बदला. रोजचं काम असेल तर बोरॉन कार्बाइड नोझल महाग असूनही परवडते. घेताना बाहेरचा व्यास आणि लांबी कॅलिपरने मोजून न्या, दुकानात नुसतं ‘५ नंबर’ सांगून नेमकी मिळत नाही. गनच्या बॉडीतही डोकवा. मीडिया आत येतो त्याच्या समोरची अ‍ॅल्युमिनियमची भिंत आतून खोल होत जाते आणि एक दिवस आरपार भोक पडतं.

एकूण किट म्हणून पाचपैकी तीन. गनची बॉडी आणि ५ मिमीची नोझल उपयोगाची. जेट, ट्रिगर, पाईप आणि खुपसायची नळी बदलायच्याच आहेत हे धरूनच खरेदी करा. ६ आणि ७ मिमीच्या नोझल टाकून देऊ नका. साधारण १५ सीएफएम देणारा ५ एचपीचा कॉम्प्रेसर पुढे कधी घेतलात तर ३ मिमीच्या जेटबरोबर ६ मिमीची नोझल लागेल. आणि ब्लास्ट झालेला भाग उघड्या हाताने धरू नका, पावसाळ्यात संध्याकाळपर्यंत बोटांचे ठसे लाल उमटलेले दिसतात. त्याच दिवशी प्रायमर मारा.